बनाना सीटच्या जुन्या सायकली आणि त्यांचे नवे अवतार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उंच हँडल, लांब सीट आणि लहान चाके असलेल्या मुलांच्या जुन्या सायकलींविषयी वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे एक विषय दुसऱ्यात शिरतो, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बनाना सीटची सायकल म्हणजे नेमकी कोणती? बीएमएक्स (बायसिकल मोटोक्रॉस) तीच का?

नाही, त्या दोन वेगळ्या आहेत, पण दुसरी पहिलीतून जन्मली. बनाना सीटच्या सायकलीला इंग्रजीत ‘हाय-रायझर’ किंवा ‘व्हीली बाइक’ म्हणतात. तिचे मागचे चाक बहुधा २० इंचांचे असते आणि पुढचे तेवढेच किंवा त्याहून लहान असते. हँडल खांद्यापर्यंत उंच येते. सीट केळ्यासारखी लांबट असते आणि तिच्या मागच्या टोकाला आधार देणारी नळीची कमान थेट मागच्या चाकाच्या धुऱ्यापर्यंत उतरते. अमेरिकेतील श्विन स्टिंग-रे आणि इंग्लंडमधील रॅले चॉपर ही या घराण्यातील दोन मोठी नावे होत. जर्मनीत याच धाटणीच्या सायकलींना ‘बोनान्झाराड’ म्हणत, तर ऑस्ट्रेलियात मॅल्व्हर्न स्टारची ‘ड्रॅगस्टार’ प्रसिद्ध होती. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण कॅलिफोर्नियातील मुले स्टिंग-रे घेऊन मातीच्या ट्रॅकवर मोटोक्रॉसची, म्हणजे मातीतल्या मोटारसायकल शर्यतींची, नक्कल करू लागली. त्यासाठी त्यांनी सायकलीवरची अनावश्यक लोखंडी सजावट काढून टाकली आणि तेथून बीएमएक्स सुरू झाले.

२. अशी विचित्र आकाराची सायकल काढण्याची कल्पना कुणाची?

मुलांची. मला या सायकली इतक्या जवळच्या वाटतात त्याचे मुख्य कारण हेच आहे, म्हणून हे उत्तर थोडे सविस्तर देत आहे.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातील मुले २० इंची साध्या सायकलींवर मोटारसायकलीसारखी उंच हँडले आणि लांब सीट बसवू लागली होती. ती सीट मुळात सायकल-पोलो या खेळासाठी बनवलेली होती. ही लाट शिकागोच्या श्विन कंपनीतील अल फ्रिट्झ यांच्या कानावर आली. त्यांनी कारखान्यात तसाच नमुना तयार करून घेतला आणि १९६३ मध्ये स्टिंग-रे बाजारात आली. किंमत ४९ डॉलर ९५ सेंट होती. पहिल्याच वर्षी सुमारे ४५ हजार सायकली खपल्या आणि २० इंची टायरांचा तुटवडा पडला. हफी कंपनीची ‘पेंग्विन’ नावाची अशाच धाटणीची सायकलही त्याच वर्षी आली होती, त्यामुळे ‘पहिली कोणती’ हा वाद संग्राहकांमध्ये आजही चालतो.

पुढे १९६८ मध्ये श्विनने ‘क्रेट’ मालिका काढली. ऑरेंज क्रेट, ॲपल क्रेट आणि लेमन पीलर ही तिची सुरुवातीची रूपे होती. पुढचे चाक १६ इंचांचे, ते चाक धरणाऱ्या चिमट्याला उघडी स्प्रिंग, पुढे ड्रम ब्रेक आणि मधल्या दांडीवर मोटारीसारखा पाच गिअरांचा दांडा असा सगळा थाट तिच्यात होता. पी पिकर, कॉटन पिकर आणि ग्रे घोस्ट याही तिच्याच आवृत्त्या. १९७३ नंतर ही मालिका संपली. आज संग्राहक सर्वांत जास्त मागे लागतात ते या पाच-सहा वर्षांतील मालाच्या.

३. रॅले चॉपर कुणी आखली? दोन वेगवेगळी नावे वाचायला मिळतात.

दोन्ही नावे खरी माणसांची आहेत आणि वाद मिटलेला नाही. रॅलेचे मुख्य आरेखक ॲलन ओकली यांचे म्हणणे असे होते की, १९६७ मध्ये अमेरिकेची बाजारपेठ पाहून परत येताना त्यांनी विमानात एका पाकिटाच्या पाठीवर पहिले रेखाटन केले. ओगल डिझाइन या संस्थेचे टॉम करेन यांनी मात्र ही सायकल आपण आखल्याचा दावा अखेरपर्यंत सोडला नाही. ओकली २०१२ मध्ये गेले आणि करेन २०२२ च्या अखेरीस. अमेरिकेला गेलेला माणूस तेथे स्टिंग-रेच पाहून आला असणार, हे दोन्ही बाजूंना मान्य करावे लागते. असे असले तरी चॉपर ही नक्कल नव्हे. तिची पाचरीसारखी कोनदार फ्रेम, पुढे १६ आणि मागे २० इंचांचे चाक आणि दोन पायांच्या मध्ये येणारा गिअरचा दांडा या सगळ्यांचा एकत्र घाट तिचा स्वतःचा आहे.

अमेरिकेत ती १९६९ मध्ये आणि ब्रिटनमध्ये १९७० मध्ये विक्रीला आली.

४. चॉपरच्या ‘मार्क १’ आणि ‘मार्क २’ मध्ये फरक काय? मार्क १ धोकादायक होती असे ऐकले आहे.

जे ऐकले ते बऱ्याच अंशी खरे आहे. मार्क १ ची सीट लांब आणि मागे झुकलेली होती. त्यावर दोघे बसले, किंवा एकटाच मुलगा मागे सरकला, की वजन मागच्या चाकाच्या धुऱ्याच्या मागे जात असे आणि पुढचे चाक आपोआप उचलले जात असे. मुलांना हेच आवडे आणि पालकांना याचीच धास्ती असे. शिवाय नट सैल करून हँडल मागे ओढून घेता येत असे. लहान पुढचे चाक आणि उंच हँडल या जोडीमुळे उतारावर वेग आला की हँडल थरथरू लागे, आणि ते मागे ओढलेले असेल तर ते सावरणे फार कठीण जाई.

१९७२ च्या मार्क २ मध्ये सीट आखूड करून पुढे घेण्यात आली आणि मागे लहान कॅरिअर बसवण्यात आले. हँडल त्याच्या खुंटाला वेल्ड केल्यामुळे ते मागे झुकवता येईनासे झाले. या सुधारणांमुळे धोका कमी झाला, पण संपला नाही. वेगात थरथरण्याचा स्वभाव मार्क २ मध्येही आहे, कारण तो सायकलीच्या भूमितीतच आहे आणि नट आवळून तो जात नाही. जुनी असो वा नवी, या आकाराच्या सायकलीवर लांब उतार वेगाने उतरू नये.

५. मधल्या दांडीवरचा गिअर नंतर का नाहीसा झाला?

सुरक्षेच्या नियमांमुळे. अचानक ब्रेक लागला की चालवणारा सीटवरून पुढे घसरतो आणि नेमका त्या दांड्यावर जाऊन आदळतो. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने १९७० च्या दशकात सायकलींसाठी जे नियम केले, त्यांत सीट आणि हँडल यांच्या मधल्या भागात दांडीच्या वर काहीही बाहेर आलेले असू नये, अशी अट घातली गेली. श्विनने गिअरचा दांडा मधल्या दांडीवरून हटवला. चॉपरच्या २००४ च्या आवृत्तीतही गिअर हँडलवर गेला होता, आणि जुन्या चाहत्यांची सर्वांत मोठी तक्रार तीच होती (प्रश्न ६ पाहावा).

६. यांपैकी कोणत्या सायकली पुन्हा बाजारात आल्या, आणि त्या मूळच्यासारख्या आहेत का?

पुनरागमने बरीच झाली, पण त्यांचे हेतू वेगळे होते. ते ओळखले की निराशा टळते.

श्विनने १९९० च्या दशकाच्या अखेरीस क्रेटच्या नव्या आवृत्त्या काढल्या, त्या मुख्यतः संग्राहकांसाठी. लांबून पाहिल्यास त्या जुन्यासारख्याच दिसतात. मात्र ज्या कारखान्यात मूळ क्रेट बनली त्या कारखान्याचा हा माल नाही. १९९२ च्या दिवाळखोरीनंतर श्विनची मालकी बदलली होती आणि शिकागोतील उत्पादन त्याआधीच थांबले होते. २००४ मध्ये ‘स्टिंग-रे’ हे नाव पुन्हा वापरले गेले, पण ती जाड मागच्या टायरची, मोटारसायकलीच्या चॉपरसारखी वेगळीच सायकल होती. १९६३ च्या सायकलीशी तिचे नाते फक्त नावाचे आहे. त्या वर्षी दहा वर्षांचा असलेल्या मुलाला हीच ‘आपली’ स्टिंग-रे वाटते, आणि ते चूक म्हणता येणार नाही.

रॅलेने २००४ मध्ये मार्क ३ चॉपर काढली. फ्रेम ॲल्युमिनियमची आणि गिअर हँडलवर. सायकल म्हणून ती मूळपेक्षा हलकी आणि सुरक्षित होती, पण पाहताच ‘ही ती नव्हे’ असे वाटे. जून २०२३ ची आवृत्ती याच्या अगदी उलट विचारातून आली. मूळचे उत्पादन-आराखडे हाताशी नसल्यामुळे जुन्या मार्क २ चे भाग त्रिमितीय स्कॅन करून नवे साचे तयार केले गेले, दांडीवरचा गिअर परत आला, आणि ‘इन्फ्रा रेड’ व ‘अल्ट्रा व्हायोलेट’ हे जुने रंगही परतले. किंमत ९५० पौंड होती. विक्री उघडताच खरेदीदारांच्या गर्दीने संकेतस्थळ कोलमडले आणि सायकली थोड्याच वेळात संपल्या. आजवरच्या सगळ्या पुनरागमनांत प्रामाणिकपणाच्या बाबतीत मी हिला पहिला क्रमांक देतो.

बीएमएक्सच्या पुनरागमनाची गोष्ट आणखी वेगळी आहे, तिच्यासाठी प्रश्न ८ पाहावा.

७. मुलांची सायकल असूनही चॉपरची नवी आवृत्ती (प्रश्न ६) एवढी महाग कशी?

कारण ती आता मुलांची सायकल राहिलेली नाही. मूळ चॉपर ब्रिटनमध्ये दहा-बारा वर्षांत सुमारे १५ लाख खपली, त्यामुळे साच्यांचा खर्च लाखो सायकलींवर वाटला गेला. नवी आवृत्ती मर्यादित संख्येत निघते. तिची सीट, तिचे मडगार्ड आणि तिचा गिअरचा दांडा दुसऱ्या कोणत्याही सायकलीला बसत नाहीत, त्यामुळे प्रत्येक भागासाठी वेगळा साचा करावा लागतो आणि तो खर्च थोड्याच सायकलींवर पडतो. त्या पैशांत सर्व दृष्टींनी चांगली चालणारी आधुनिक सायकल मिळते. म्हणून ‘चालवायला घेऊ का’ असे कुणी विचारले की मी नकार देतो, आणि ‘मला हीच हवी आहे’ असे म्हटले तर खुशाल घ्यावी असे सांगतो.

८. मी आता मोठा झालो आहे. त्या मापाची सायकल चालवता येईल का?

थोडे अंतर चालवता येईल, रोज नाही. या सायकली साधारण आठ ते चौदा वर्षांच्या शरीरासाठी आखलेल्या आहेत. मोठ्या माणसाचे गुडघे छातीकडे येतात, पाय पूर्ण सरळ होत नाही आणि दहा मिनिटांत मांड्या भरून येतात. साध्या सायकलीत सीट वर घेऊन हे निभावता येते. येथे सीट मागच्या कमानीने धुऱ्याशी बांधलेली असल्यामुळे ती फारशी वर जात नाही. लांब सीटपोस्ट (सीटखालची उभी नळी) टाकून कमान सोडून देण्याचा प्रयोग काही जण करतात, तो करू नये. कमान ही शोभा नाही, सीटवर बसणाऱ्याच्या वजनाचा मोठा भाग तिच्यावर असतो.

पहिल्यांदा पुन्हा बसल्यावर जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडून एकच वाक्य निघते : ‘ही एवढी लहान होती?’ सायकल तेवढीच असते. हाताला मात्र हँडलची जागा लगेच आठवते, आणि गिअरच्या दांड्याकडे न पाहता हात जातो. ते ज्यांना अनुभवायचे आहे, त्यांनी सायकलीचे माप बदलण्याच्या भरीस पडू नये.

ज्यांना आठवणीतला घाट हवा आहे पण रोजची फेरीही मारायची आहे, त्यांच्यासाठी बीएमएक्स कंपन्यांनी चांगली वाट काढली. एसई कंपनीची ‘बिग रिपर’ किंवा जीटीची २९ इंची ‘प्रो परफॉर्मर’ यांमध्ये जुन्या २० इंची सायकलीचे रूप मोठ्या माणसाच्या मापात वाढवलेले आहे. बनाना सीटच्या सायकलीत असे करता येत नाही. चाके मोठी केली की तिचा घाटच मोडतो.

९. माझ्याकडची सायकल कोणत्या वर्षाची आहे हे कसे ओळखावे?

चॉपरमध्ये सर्वांत सोपी खूण मागच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, मिळते. तीन गिअरांच्या स्टर्मी-आर्चर हबच्या कवचावर वर्ष आणि महिना ठोकलेला असतो. ‘७२ ४’ असे दिसले तर तो हब एप्रिल १९७२ चा आहे. वंगणाचा काळा थर बोटाने निघत नाही. रॉकेलमध्ये बुडवलेल्या फडक्याने हब पुसून उजेड तिरका धरला की आकडे उमटून येतात. मात्र चाक कधी बदलले गेले असेल तर हबची तारीख सायकलीची नसते, त्यामुळे ती फ्रेमच्या क्रमांकाशी आणि मार्क १ किंवा मार्क २ च्या खुणांशी (प्रश्न ४) ताडून पाहावी.

श्विनच्या १९६५ पासूनच्या क्रमांकांत पहिले अक्षर महिन्याचे आणि दुसरे वर्षाचे असते, आणि वर्षाची मोजणी १९६५ साठी ‘ए’ पासून सुरू होते. येथेही एक अपवाद आहे. क्रमांक ज्या दिवशी ठोकला ती तारीख त्यात असते, सायकल पूर्ण झाली ती नव्हे. वर्षअखेरचा क्रमांक असलेली सायकल पुढच्या वर्षाच्या रंगात आणि सुट्या भागांत निघू शकते. ते बनावटपणाचे लक्षण नाही.

१०. रंग उडाला आहे. नव्याने रंगवून घेऊ का?

गंजाने फ्रेम खाल्ली जात नसेल तर रंगवू नये.

मी स्वतः सुरुवातीच्या काळात एका चॉपरची फ्रेम खरवडून, पूर्ण साफ करून चकचकीत रंगवून घेतली होती. काम उत्तम झाले. सायकल घरी आणून उभी केली आणि तिच्याकडे पाहताना लक्षात आले की पहिल्या मालकाच्या पँटच्या घासण्याने दांडीवर झालेला फिकट पट्टा गेला, चेनच्या बाजूचे मूळ अक्षरांकन गेले, आणि तिचे स्वतःचे असे काहीच उरले नाही. ती वाईट दिसत नव्हती, पण कुणाचीच वाटत नव्हती. मूळ रंग एकदाच असतो. तो गेला की संग्राहकाच्या दृष्टीने किंमत उतरते आणि आठवणीच्या दृष्टीने तर भरपाईच नसते.

मूळ रंग किती चांगला होता हे पाहायचे असल्यास सीटपोस्टची पट्टी सैल करून तिच्या खालची जागा पाहावी. पन्नास वर्षे ऊन न लागलेला रंग तेथे जसाच्या तसा सापडतो. बाकीच्या रंगासाठी कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ फडके आणि शेवटी मेणाचा हात एवढे पुरते. स्टिकरांवर पॉलिश चोळू नये, ते सर्वांत आधी जातात.

आणखी एक गंभीर बाब : अमेरिकेत ग्राहकोपयोगी वस्तूंच्या रंगातील शिशावर बंदी १९७८ मध्ये आली. त्याआधीच्या सायकलीचा रंग कोरडा घासून धूळ उडवू नये, आणि असे काम लहान मुलांच्या जवळ तर मुळीच करू नये.

११. क्रोमवरचा गंज घरच्या घरी काढता येतो का?

वरवरचा असेल तर येतो. स्वयंपाकघरातील ॲल्युमिनियम फॉइलचा चुरगळलेला बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने गोल फिरवावा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्यामुळे सहसा ओरखडे पडत नाहीत आणि तांबूस ठिपके राखाडी चिखल होऊन निघून येतात. तो चिखल लगेच पुसून, भाग कोरडा करून मेण लावावे. जेथे क्रोमचा पापुद्राच उचलला गेला आहे तेथे हा उपाय निरुपयोगी आहे. तेथे गंज थांबवणे एवढेच आपल्या हातात राहते. तारेच्या घासणीला हात लावू नये.

१२. ‘२० × १.७५’ चा टायर आणला, पण ‘२० × १ ३/४’ लिहिलेल्या रिमवर तो बसत नाही. दोन्ही आकडे एकच ना?

गणितात एक, सायकलीत नाही. सर्वांत जास्त पैसे आणि वेळ याच चुकीत वाया जातात.

सायकलीच्या मापात दशांश आणि अपूर्णांक यांची अदलाबदल करता येत नाही, कारण ‘२०’ हा आकडा टायरचा साधारण बाहेरचा व्यास सांगतो, रिमवर टायर जेथे बसतो तेथील व्यास सांगत नाही. तो व्यास दशांशातील २० × १.७५ साठी ४०६ मिलिमीटर असतो. श्विनच्या २० × १ ३/४ साठी तो ४१९ आणि २० × १ ३/८ साठी ४५१ मिलिमीटर असतो. १६ इंचांत तर गोंधळ आणखी वाढतो : १६ × १ ३/८ अशाच नावाखाली ३३५, ३३७ आणि ३४९ मिलिमीटरचे वेगवेगळे टायर विकले गेले आहेत. दोन मिलिमीटरच्या फरकानेही टायर एक तर चढत नाही, किंवा चढतो आणि हवा भरल्यावर निसटतो.

इंचांकडे दुर्लक्ष करून टायरच्या बाजूवर उमटवलेला ‘४७-४०६’ अशा स्वरूपाचा आकडा पाहावा. पहिला आकडा रुंदी आणि दुसरा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. जुन्या टायरवर असा आकडा नसेल तर तो टायर किंवा रिम सोबत घेऊन जावे आणि जुळवूनच नवा घ्यावा.

१३. जुन्या रॅलेला नवे बेरिंगचे कप का बसत नाहीत?

नॉटिंगहॅमच्या रॅले कारखान्याने क्रँक (पेडलचा दांडा) जेथे फिरतो त्या फ्रेमच्या नळीला इंचाला २६ आटे ठेवले होते, तर सर्वत्र प्रचलित प्रमाण २४ आट्यांचे आहे. दोन-तीन फेरे नवा कप शिरतो आणि मग अडकतो. जोर लावला तर फ्रेमचे आटे कापले जातात आणि तो तोटा भरून निघत नाही. मूळ कप घासलेले नसतील तर तेच ठेवावेत आणि फक्त छर्रे बदलावेत. ते पाव इंचाचे असून सुटे घातले तर बहुधा एका बाजूला अकरा लागतात. हँडलच्या बेरिंगलाही हाच २६ आट्यांचा नियम लागू आहे.

क्रँकची कॉटर पिन (क्रँक अक्षावर पक्का धरणारी खीळ) काढताना क्रँकखाली लोखंडी नळीचा भक्कम आधार द्यावा आणि मगच ठोकावे. आधाराशिवाय दिलेला प्रत्येक घाव बेरिंगच्या छऱ्यांवर बसतो. अमेरिकी सायकलींत क्रँक अखंड एका सळईचा असतो आणि त्याच्या पेडलचे आटे अर्ध्या इंचाचे असतात, इतरांचे ९/१६ इंचांचे. डाव्या पेडलचे आटे मात्र सगळीकडेच उलटे असतात.

१४. गिअर बदलताना पेडल एकदम पोकळ फिरते आणि पाय घसरतो. हब गेला का?

बहुधा नाही, तार सैल झाली आहे. स्टर्मी-आर्चरच्या जुन्या तीन गिअरी ‘ए. डब्ल्यू.’ हबमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये एक अशी जागा असते की जेथे काहीच पकडत नाही. तार थोडी सैल पडली की दुसरा गिअर त्या जागेत घसरतो. चढावर उभे राहून जोर लावताना असे झाले तर माणूस दांडीवर आपटतो, म्हणून ही तपासणी सायकल चालवण्याआधी करावी.

दांडा दुसऱ्या गिअरवर ठेवावा. उजव्या बाजूच्या लांब नटला एक छिद्र असते. त्यातून आत पाहिल्यास बारीक साखळी जोडलेल्या सळईचा खांदा दिसतो. तो खांदा धुऱ्याच्या टोकाशी अगदी समपातळीत येईपर्यंत तारेचा समायोजक फिरवावा आणि मग आवळनट घट्ट करावा. हबवर तेलाची टोपी असेल तर त्यात पातळ मशीन ऑइलचे काही थेंब सोडावेत. एवढे केले की पेडल थांबवताच तो बारीक, कोरडा टिक्-टिक् आवाज परत येतो. हब निरोगी असल्याची ती खूण आहे. हे करूनही घसरणे थांबले नाही, तर मात्र आतले खटके झिजले आहेत असे समजून हब उघडावा.

१५. जुनी सायकल माझ्या मुलाला चालवायला द्यावी का?

मोकळ्या मैदानात, आपण समोर असताना, सगळी तपासणी करून द्यावी. वाहत्या रस्त्यावर देऊ नये. क्रोमच्या लोखंडी रिमवर रबरी ब्रेक पाण्यात फार कमी पकडतो आणि पन्नास वर्षांचे ब्रेकचे रबर कोरड्या रिमवरही लाकडासारखे घसरते. रबर आणि तारा निरपवाद नव्या घालाव्यात. चिमट्याच्या मुळाशी आणि फ्रेमच्या सांध्यांवर केसासारखी चीर किंवा रंगाची सुरकुती दिसते का, हे भिंगातून पाहावे. सीटवर दोघांनी बसू नये हा नियम मुलाला आधीच सांगावा. चॉपरवरही ‘ही सायकल दुसरा माणूस बसवण्यासाठी बनवलेली नाही’ अशा अर्थाचा इशारा छापलेला असे, आणि तो सर्वांत कमी पाळला गेला. शिशाविषयी प्रश्न १० पाहावा.

१६. फ्रेम जुनी, पण सीट आणि हँडल नव्या बनावटीचे. अशी सायकल ‘अस्सल’ म्हणून विकणे फसवणूक आहे का?

सांगून विकली तर नाही, लपवून विकली तर होय. सीटचे आवरण, हँडलच्या मुठी, स्टिकर हे भाग वापरातच संपतात, त्यामुळे चालत्या सायकलीवर नव्या बनावटीचे भाग असणे स्वाभाविक आहे. अडचण येते ती साधी स्टिंग-रे फ्रेम घेऊन तिच्यावर क्रेटचे नवे सुटे भाग चढवलेल्या सायकलींत. फ्रेमच्या क्रमांकाचे वर्ष, हबवरची तारीख आणि क्रँकवरच्या खुणा एकमेकांशी जुळत नसतील तर विक्रेत्याला थेट विचारावे. सगळे भाग सारखेच चकचकीत असतील, तर ती एक तर पूर्ण नव्याने सजवलेली आहे किंवा जुळवलेली आहे. एकाच घरात म्हातारी झालेल्या सायकलीचे भाग सारखेच म्हातारे होतात.

१७. लहान चाकांच्या जुन्या घडीच्या सायकलीही यातच धरतात का?

नाही, ते वेगळे घराणे आहे. रिनाल्दो दोन्झेल्ली यांनी आखलेली आणि १९६४ मध्ये आलेली इटलीची ‘ग्रात्सिएल्ला’ किंवा पोलंडच्या रोमेत कंपनीची ‘विग्री’ या घराण्यातील होत, आणि त्या देशांत बालपणाची आठवण म्हटली की याच पुढे येतात. विग्री नव्या रूपात पुन्हा बनू लागली आहे. जुनी घडीची सायकल घेताना बिजागरी हलते का एवढे आधी पाहावे. बंद स्थितीत ती किंचितही खुळखुळत असेल, तर बाकीची सायकल कितीही सुंदर असली तरी ती चालवू नये.

१८. मला तशीच नव्हे, माझ्या लहानपणीची तीच सायकल परत मिळवायची आहे. समोर आली तर ओळखणार कशी?

जुने बिल किंवा हमीपत्र घरात असेल तर त्यावरचा फ्रेम क्रमांक हा एकमेव पक्का पुरावा आहे. तो नसेल तर जुने फोटो भिंगाखाली पाहावेत. क्रमांक दिसणार नाही, पण दिव्यासाठी कुणी भोक पाडले होते का, मडगार्डला कोणत्या बाजूला खोच होती, एका मुठीचा रंग वेगळा होता का, हे दिसू शकते. पडल्यामुळे आलेली खोच, बदललेले पेडल, पितळेने सांधलेली जागा या गोष्टी कारखान्यातून येत नाहीत, म्हणून ओळख पटवायला त्याच उपयोगी पडतात. त्या सगळ्यांची यादी सायकल पाहण्याआधी कागदावर लिहून ठेवावी. एकदा सायकल समोर आली की मन तिच्यात हवे ते सगळे पाहू लागते.

शेवटी विक्रेत्याची परवानगी घेऊन सीट सोडवावी आणि उलटी करून पाहावी. सीटच्या खालच्या पत्र्यावर खिळ्याने किंवा कंपासच्या टोकाने नाव किंवा आद्याक्षर कोरणारी मुले पुष्कळ होती, आणि तो पत्रा कुणी कधी रंगवत नाही.